रस्त्यावरची मुले आणि गावाचे दान

देवळाच्या पायरीशी, एस. टी. स्थानकावर किंवा रेल्वेच्या फलाटावर एखादे मळकट मूल दिसले की त्याला ‘अनाथ’ म्हणून मोकळे होण्याची समाजाला सवय आहे. वस्तुतः हा शब्द त्यांतील बहुतेकांना लागू पडत नाही. समाजकार्य करणारे लोक अशा मुलांचे तीन वर्ग मानतात. काही मुले आईबापांसह रस्त्यावरच राहतात. काही दिवसभर रस्त्यावर भीक मागतात, कागद वेचतात, फुगे विकतात आणि रात्री घरी परततात. तिसऱ्या वर्गातील मुले मात्र घर सोडून खरोखरीच एकटी पडलेली असतात. हा तिसरा वर्ग सर्वांत लहान, पण लोकांच्या दयेचा ओघ नेमका त्याच्या कल्पनेकडे वळतो. त्यामुळे आश्रम निघतात, आश्रमाला देणग्या मिळतात, आणि ज्या घरातून मूल बाहेर पडण्याच्या बेतात आहे त्या घराकडे कोणाचे लक्ष जात नाही.

निर्मलसारख्या गावाचे उदाहरण घेतले म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी आदिलाबादपासून वेगळा झालेला हा जिल्हा गोदावरीच्या उत्तरेस आहे. पोणिकीच्या हलक्या लाकडाचे तुकडे चिंचोक्याची खळ आणि भुसा यांनी सांधून केलेली रंगीत खेळणी ही निर्मलची ख्याती. पश्चिमेकडील भैंसा व मुधोळ हा टापू मराठीच्या अगदी वळचणीचा. मुधोळ तालुका १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत नांदेड जिल्ह्यातच मोडत होता. या प्रदेशातील गरीब घरांचा संसार पुष्कळदा दोन टेकूंवर उभा असतो. एक टेकू आखाती देशांत गेलेल्या पुरुषाच्या मनिऑर्डरीचा आणि दुसरा घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईच्या बोटांचा.

विडीचा धंदा बाहेरून पाहणाऱ्यास सोपा वाटतो. ठेकेदार पाने व तंबाखू वजनाने देतो. बाईने पाने भिजवावयाची, मापाने कातरावयाची, तंबाखू भरून वळावयाची, तोंडे मुडपावयाची आणि दोरा बांधावयाचा. मजुरी हजारी, म्हणजे हजार विड्यांना अमुक. पाने खराब निघाली तर तूट बाईच्या माथी. मोजताना ठेकेदाराने काही विड्या नापसंत केल्या तर त्याही गेल्या. अशा हिशेबात हजाराचा आकडा गाठण्यासाठी मुलीची कोवळी बोटे कामास लागतात. १९८६ च्या बालकामगार कायद्याने विडीच्या धंद्यात मुलांना राबविण्यास बंदी केली, परंतु घरच्या माणसांनी घरात केलेल्या कामास तीत सूट होती. २०१६ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलांस कोणत्याही धंद्यात कामावर ठेवणे निषिद्ध ठरले, तरी शाळेच्या वेळेनंतर घरच्या कामास हातभार लावण्याची वाट मोकळी राहिली. मुलगी मदतीसाठी आधी सायंकाळी बसते, मग परीक्षेच्या दिवसांत, मग एक दिवस शाळेच्या पटावर नुसते तिचे नाव राहते.

दुसरा टेकू याहूनही नाजूक आहे. आखातात जाण्यासाठी दलालाला द्यावयाची रक्कम बहुधा कर्जाची असते. नोकरी सांगितली तशी निघाली नाही, आजार आला किंवा माणूस तिकडेच दगावला तर कर्ज इकडे उरते. आखाती देशांत मृत्यू पावलेल्या कामगारांच्या कुटुंबांस पाच लाख रुपये देण्याचा निर्णय तेलंगणा शासनाने २०२४ साली घेतला. विडी कामगारांसही त्या राज्याने मासिक निवृत्तिवेतन लागू केले आहे. या सोयी मोलाच्या खऱ्या, पण त्यांसाठी कागद लागतात, आणि कागद जुळेपर्यंतचे चारसहा महिने हेच घर मोडण्याचे महिने असतात. घरमालक थांबत नाही, वाणी उधारी बंद करतो, थोरला मुलगा हॉटेलात कपबश्या विसळू लागतो. आणि एखाद्या दिवशी मार खाऊन किंवा नुसत्या कंटाळ्याने तो निघून जातो.

तो जातो कोठे? निर्मल शहरात रेल्वे नाही. पण त्याच जिल्ह्यात बासर हे स्थानक आहे. तेथील सरस्वतीच्या देवळात वसंतपंचमीला आणि नवरात्रात आईबाप लहानग्यांना घेऊन अक्षराभ्यासासाठी येतात. त्याच स्थानकावरून जाणारा लोहमार्ग एकीकडे निजामाबादमार्गे हैदराबादला आणि दुसरीकडे धर्माबाद, नांदेड, मनमाड करीत मुंबईच्या दिशेने जातो. देवगिरी एक्स्प्रेसमध्ये चढलेले दहा वर्षांचे मूल दुसऱ्या दिवशी मुंबईत उतरते.

येथून पुढचे काही तास फार महत्त्वाचे. स्थानकावर काम करणारे अनुभवी कार्यकर्ते सांगतात, की मूल जितक्या लवकर भल्या माणसाच्या नजरेस पडेल तितके ते घरी परतण्याचा संभव अधिक. पहिल्या दिवशी ते भ्यालेले असते व आईचे नाव काढते. पुढे त्याला पाण्याच्या बाटल्या गोळा करून पैसे मिळतात, सोबती मिळतात, व्यसन मिळते, आणि मग घर ही गोष्ट दूरची होते. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे असे मूल सापडल्यास प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत त्याला जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते. ही समिती एक अध्यक्ष व चार सदस्य मिळून होते आणि मुलाने कोठे राहावे याचा निर्णय तीच करते. हौसेने मूल घरी नेऊन ठेवणारा सज्जन मनुष्य कितीही सद्‍हेतूचा असला तरी तो कायद्याच्या दृष्टीने चूक करीत असतो, आणि मुलाच्या शोधात वणवण करणाऱ्या आईची वाटही अडवीत असतो.

मुलाचे घर शोधणे हीसुद्धा एक विद्याच आहे. मुंबईत सापडलेल्या मुलाने गावाचे नाव ‘निर्मल’ सांगितले तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वसईजवळचे, यात्रेसाठी प्रसिद्ध असलेले निर्मळ उभे राहते. ‘मुधोळ’ म्हटले तर कर्नाटकातील, शिकारी कुत्र्यांसाठी नावाजलेले मुधोळ आठवते. मुलाला जिल्हा ठाऊक नसतो, राज्य तर नसतेच. म्हणून जाणता कार्यकर्ता गावाचे नाव विचारून थांबत नाही. गावाजवळ नदी कोणती, बसवर कोणत्या लिपीतील अक्षरे असतात, आई घरी काय काम करते, जत्रा कोणत्या देवाची, बाजारात काय विकते, हे तो गप्पांच्या ओघात काढून घेतो. लाकडाची खेळणी आणि विड्यांची सुपे या दोन खुणा मिळाल्या की वसई व बागलकोट दोन्ही गळून पडतात. तेलुगू, दखनी आणि मराठी अशा तीन बोलींचे मिश्रण असलेल्या या सीमाभागातील मुलाची भाषा समजणारा माणूस फलाटावर असणे हे तिकिटाच्या पैशांइतकेच महत्त्वाचे आहे.

अशा मुलांसाठी अखंड चालणारी दूरध्वनीची सोय मुंबईतच जन्मास आली. टाटा समाजविज्ञान संस्थेतील प्राध्यापिका जेरू बिलिमोरिया यांनी १९९६ साली चाइल्डलाइन सुरू केली. १०९८ हा क्रमांक ‘दस नौ आठ’ असा उलट्या मोजणीसारखा म्हणता येतो, म्हणून निरक्षर मुलांच्याही तोंडी बसला. पुढे ही सेवा देशभर पसरली. २०२३ पासून ती राज्य शासने व जिल्हा बालसंरक्षण कक्ष यांच्याकडे आली असून ११२ या आणीबाणीच्या क्रमांकाशी जोडली गेली आहे. तेलंगणात २०१५ पासून पोलीस व इतर खाती मिळून दर जानेवारीस ‘ऑपरेशन स्माइल’ आणि दर जुलैस ‘ऑपरेशन मुस्कान’ या मोहिमा चालवितात. हॉटेले, वीटभट्ट्या, स्थानके धुंडाळून मुले सोडविली जातात. अशा मोहिमांचे यश सोडविलेल्या मुलांच्या आकड्यात मोजतात. पण तेच मूल पुढच्या जुलैत पुन्हा सापडले तर ते दोनदा मोजले जाते, ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी.

दानधर्माचा प्रश्न येथे उपस्थित होतो. रस्त्यावरच्या मुलाच्या हातावर नाणे ठेवणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत संशयास्पद दानप्रकार होय. ते नाणे बहुधा मुलाजवळ राहत नाही. शिवाय जे मूल दिवसाकाठी घरात रोख पैसे आणते, ते शाळेत घालणे म्हणजे घराचे उत्पन्न बंद करणे, असा सरळ हिशेब होऊन बसतो. मुलाला भिकेस लावणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपये दंड अशी शिक्षा कायद्यात आहे, पण देणाऱ्याचा हात आवरील असा कायदा नाही. अन्नाचे तसे नाही. भुकेल्याला अन्न देऊ नये असे कोणीच म्हणणार नाही. मात्र ते कोठे द्यावे याचा विचार अवश्य व्हावा. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतून शिजविलेले दुपारचे जेवण देण्याचा आदेश दिला, त्यामागचे एक इंगित हेच होते की अन्नाबरोबर मूल शाळेत येते. उन्हाळ्याच्या सुट्टीत हे जेवण बंद असते. गावातील अन्नदानाच्या पंगती त्या दीडदोन महिन्यांत आणि शाळेच्याच आवारात घातल्या, तर त्याच पैशांत मूल शाळेच्या ओळखीचे राहील.

महाराष्ट्राला या विषयाचा वारसा मोठा आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेथे जन्मलेल्या यशवंतला त्यांनी दत्तक घेतले आणि तो पुढे डॉक्टर झाला. १८७६–७७ च्या दुष्काळात सत्यशोधक मंडळींनी धनकवडी येथे मुलांसाठी अन्नछत्र चालविले. पंढरपुरात १८७५ साली प्रार्थना समाजाचे लालशंकर उमियाशंकर यांनी बालकाश्रम सुरू केला. टाकून दिलेल्या अर्भकांची क्षेत्रातील संख्या पाहता तो तेथेच निघावा हे साहजिक होते. मुंबईत १९२४ च्या बालक कायद्यानंतर १९२७ साली चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि पोलीस कोठडीऐवजी मुलाला ठेवावयास स्वतंत्र जागा मिळाली. अगदी अलीकडच्या काळातील सिंधुताई सपकाळ (१९४८–२०२२) तर स्वतःच स्थानकांवर भीक मागून जगल्या आणि तेथे भेटलेल्या मुलांच्या माई झाल्या.

परंतु या थोर संस्थांच्या मालिकेहून निराळी, संस्था म्हणून फारशी न ओळखली गेलेली एक जुनी रीत आहे, आणि निर्मलसारख्या गावाला तीच अधिक उपयोगी पडण्याजोगी आहे. ती म्हणजे वार लावून जेवण्याची. गरीब विद्यार्थी आठवड्याच्या सात दिवशी सात घरी जेवावयाचा. कोणत्याही एका घरावर भार पडत नसे. मुलाचे शिक्षण गावात होई. या रीतीत अपमानही होता, पंक्तिप्रपंचही होता आणि जातीच्या भिंती तर होत्याच. तिचे गोडवे गाताना हे विसरता कामा नये. तथापि भार वाटून घेण्याचे तिचे गणित पक्के होते. पुण्याचे अनाथ विद्यार्थी गृह १९०९ साली निघाले ते माधुकरीच्या आधारावर. त्या संस्थेने पुढे ‘अनाथ’ हा शब्द काढून ‘पुणे विद्यार्थी गृह’ असे नाव घेतले, ही गोष्ट लहान दिसली तरी मुलाच्या मानाची आहे. भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ साली वसतिगृह काढून जातीच्या त्या भिंती पंगतीतून काढल्या आणि घरोघरच्या मूठभर धान्याचा मुष्टिफंड उभारला. हिंगण्याच्या संस्थेने भाऊबीज फंडातून हेच केले. थोड्या धनिकांच्या मोठ्या रकमांपेक्षा अनेकांच्या लहान पण नियमित रकमा, हे या सर्वांचे मर्म.

आश्रमाचा प्रश्न मात्र स्पष्टपणे बोलावयास हवा. विधवा आई मुलाला आश्रमात ठेवते ती बहुधा तेथे जेवण व शाळा मिळते म्हणून. मूल नकोसे झाले म्हणून नव्हे. म्हणजे जी मदत आईला घरी मिळाली असती तर मूल घरी राहिले असते, तीच मदत मुलाला आईपासून तोडण्याच्या अटीवर दिली जाते. ही विसंगती जगाच्या ध्यानात फार पूर्वी आली. १९०९ साली अमेरिकेत अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी बोलाविलेल्या परिषदेने केवळ दारिद्र्यामुळे मूल घरापासून वेगळे करू नये असे ठरविले, आणि १९११ साली इलिनॉय राज्याने गरीब मातांना निर्वाहवेतन देण्याचा कायदा केला. रुमानियात १९८९ नंतर उघड झालेल्या अनाथालयांचा अनुभव याहून भयंकर होता. तेथील मुलांवर २००० सालापासून झालेल्या अभ्यासात असे आढळले, की संस्थेतून काढून कुटुंबात ठेवलेली मुले बुद्धीने व मनाने अधिक सावरली, आणि जितक्या लवकर हलविली तितकी अधिक. आपल्याकडे २०१८ साली मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातील अत्याचार उघडकीस आले ते टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पाहणीमुळे. देखरेखीवाचून बंद दारे किती घातक ठरतात याला याहून वेगळा दाखला नको. सर्व आश्रम वाईट असे यातून निघत नाही. ज्याला खरोखरीच कोणी नाही, किंवा ज्याचे घरच धोक्याचे आहे, त्याला चांगल्या आश्रमाची गरज आहेच. पण संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय असावा हे तत्त्व २०१५ च्या कायद्यातच घातलेले आहे.

त्याच तत्त्वाने शासनाने काही रक्कमही ठेवली आहे. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेत घरीच राहणाऱ्या गरजू मुलासाठी दरमहा ४,००० रुपये प्रायोजकत्व म्हणून मिळू शकतात. ग्रामीण भागात कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ७२,००० रुपयांच्या आत असावे लागते. महाराष्ट्रात सावित्रीबाई फुले यांच्या नावाने चालणाऱ्या बालसंगोपन योजनेत २०२३ पासून दरमहा २,२५० रुपये दिले जातात. गोदावरीच्या या बाजूला आणि त्या बाजूला नियम वेगळे, अर्ज वेगळे, भाषा वेगळी. माहेर नांदेड जिल्ह्यात, सासर भैंशाकडे अशा बाईचा नवरा वारला, तर मृत्यूचा दाखला एका राज्यात, मुलाचा जन्मदाखला दुसऱ्या राज्यात अशी तिची गत होते. तेलंगणाच्या सीमावर्ती भागांत मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत, पण कचेरीचे अर्ज काही मराठीत नसतात. अशा घराला पैशांहूनही आधी अर्ज लिहिणारा, बँकेत सोबत जाणारा आणि तीन खेपा घालूनही न रागावणारा माणूस हवा असतो. निवृत्त शिक्षक, पोस्टमन, तलाठी यांच्यासारखी माणसे प्रत्येक गावात असतात, आणि त्यांच्या वेळेचे दान देणगीच्या पावतीपुस्तकात कधी लिहिले जात नाही.

शाळेपासून तुटलेल्या मुलांच्या बाबतीत तेलंगणानेच देशाला एक धडा घालून दिला आहे. मामिडिपुडी वेंकटरंगय्या प्रतिष्ठानाच्या शांता सिन्हा यांनी १९९१ पासून रंगारेड्डी जिल्ह्यात वेठीच्या व मजुरीच्या कामातून मुले सोडविण्यास आरंभ केला. वयाने मोठ्या मुलाला पहिलीत बसविले तर ते लाजून पळते, म्हणून त्यांनी काही महिन्यांची निवासी शिबिरे काढून मुलांना त्यांच्या वयाच्या इयत्तेपर्यंत आणले. याहून महत्त्वाचे म्हणजे गावातील तरुण, पंचायत, शिक्षक आणि मुलांना कामाला ठेवणारे मालक या सर्वांशी बोलणे त्यांनी सोडले नाही. गरीब आईबापांना मुलाने शिकावे असे वाटतच नाही, ही समजूत त्यांच्या कार्याने खोटी ठरविली. २००३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि २००७ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय बालहक्क आयोगाच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या.

निर्मलच्या एखाद्या मोहल्ल्याने असे काम हाती घ्यावयाचे ठरविले तर त्याला इमारत लागत नाही. वीसपंचवीस घरांनी दरमहा ठराविक रक्कम किंवा धान्य काढावे, आणि ज्या दोनतीन घरांचा टेकू नुकताच मोडला असेल त्यांना सहा महिने वाण्याचे सामान व घरभाडे पुरवावे. मदतीची मुदत आधीच सांगितलेली बरी, कारण शासकीय रक्कम सुरू होईपर्यंतची खिंड लढविणे एवढाच तिचा हेतू असतो. सामान वाण्याकडून थेट जावे. बाईला चारचौघांत बोलावून, छायाचित्र काढून पिशवी देण्याची प्रथा तर टाकून द्यावीच. मुलाच्या गरिबीचे चित्र वर्तमानपत्रात छापून देणगीदाराचे समाधान होते, पण त्या मुलाला दुसऱ्या दिवशी वर्गात बसावयाचे असते. जमाखर्च मशिदीत, देवळात किंवा पंचायतीच्या फळ्यावर लावावा; त्यात घरांची नावे नसावीत, आकडे असावेत.

शाळेच्या हजेरीपटाकडे लक्ष ठेवणारा एक माणूस नेमणे हे त्या मंडळाचे पहिले काम. सलग तीन दिवस न आलेल्या मुलाच्या घरी चौथ्या दिवशी कोणीतरी जाऊन यावे. बहुतेक वेळा ताप किंवा लग्नकार्य निघते. एखाद्या वेळी उंबऱ्याशी विड्यांचे सूप आणि त्यापाशी बसलेली मुलगी दिसते, किंवा मुलगा दोन दिवसांपासून घरीच आलेला नाही असे कळते. तसे कळले तर त्याच क्षणी १०९८ फिरवावा, आणि बासर व निजामाबाद येथील रेल्वे पोलिसांना मुलाचे वर्णन, अंगावरच्या सदऱ्याचा रंग आणि त्याच्या गावाचे नाव जिल्ह्यासकट सांगावे.